कोल्हापूर ते जोतिबा पायी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचगंगेच्या घाटापासून वाडी रत्नागिरीच्या, म्हणजे जोतिबाच्या डोंगरापर्यंतची ही वाट कोल्हापूरकरांनी पिढ्यान्‌पिढ्या चालून जिवंत ठेवली आहे. ती अवघड नाही. डोंगर चढायची सवय नसलेल्या माणसालाही जमते, आणि शहर सोडल्यावर बहुतेक वेळ ऊस, पाणंद आणि गावांच्या वेशी यांच्या सोबतीनं जाते. पहिल्यांदा निघणारे पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथं आहेत.

नेमकी वाट कोणती?

अंबाबाईच्या देवळातून किंवा पंचगंगा घाटावरून निघायचं, शिवाजी पूल ओलांडायचा आणि वडणग्याच्या फाट्याला उजवीकडं वळायचं. पुढं वडणगे, निगवे दुमाला, कुशिरे आणि तिथून गायमुखावरून डोंगर. गावांची नावं एवढ्याच क्रमानं पाठ केली तरी पुरतं. कुठं शंका आली तर शेतात काम करणाऱ्या कुणालाही "जोतिबाची वाट कुठली?" एवढंच विचारा, हातातलं काम थांबवून दाखवतील.

कसबा बावड्याकडचे लोक राजाराम बंधाऱ्यावरून नदी ओलांडून पलीकडं येतात आणि पुढं याच वाटेला लागतात. शहराच्या उत्तर भागात राहत असाल तर तेच सोयीचं. मात्र पावसाळ्यात बंधारा पाण्याखाली जातो, तेव्हा पुलाशिवाय पर्याय नाही.

अंतर किती? वेळ किती लागतो?

शहरात कुठून निघता त्यावर थोडं कमी-जास्त होतं, पण साधारण १७ ते १८ किलोमीटर धरा. रोज थोडंफार चालणाऱ्याला चार ते पाच तास लागतात. त्यात चहाला थांबणं, देवळाच्या पारावर टेकणं आलं. घाई करून साडेतीन तासांत पोचणारेही आहेत, पण इतक्या सुंदर वाटेवर घड्याळाशी शर्यत लावण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

चढ किती आहे?

जोतिबाचा डोंगर समुद्रसपाटीपासून ३,१२४ फूट उंच आहे. कोल्हापूर शहरापासून मोजला तर चढ साधारण बाराशे फुटांचा. आणि तो जवळजवळ सगळा कुशिऱ्याच्या पुढं, शेवटच्या टप्प्यात येतो. त्याआधीची वाट नदीकाठच्या सपाट शिवारातून जाते, थोडी वर, थोडी खाली, दमवणारी नाही.

म्हणून सपाटीवर ताकद राखून चाला. सकाळच्या गारव्यात पाय आपोआप भराभर पडतात आणि मग गायमुखाच्या चढाला पोटऱ्या भरून येतात. कुशिऱ्यात दहा-पंधरा मिनिटं बसा, पाणी प्या, काहीतरी खा आणि मग डोंगराला लागा.

खेटे म्हणजे काय? ते कधी असतात?

माघ पौर्णिमेनंतरच्या रविवारपासून ओळीनं येणाऱ्या रविवारी कोल्हापुरातून आणि आसपासच्या गावांतून भाविक पायी जोतिबाला जातात. त्यांना जोतिबाचे खेटे म्हणतात. पहिल्या खेट्याच्या आदल्या रात्रीपासूनच शिवाजी पुलावर वर्दळ सुरू होते. पेठापेठांतून, तालमींतून घोळके निघतात. हातात बॅटरी, गळ्यात पाण्याची बाटली आणि थोड्या थोड्या वेळानं "जोतिबाच्या नावानं चांगभलं!"

यामागची कथा अशी सांगतात. रत्नासुर, रक्तभोज या दैत्यांना मारून झाल्यावर जोतिबा, म्हणजेच केदारनाथ, परत हिमालयात जायला निघाला. तेव्हा करवीरनिवासिनी अंबाबाई अनवाणी चालत डोंगरावर गेली आणि तिनं त्याला इथंच राहायला विनवलं. देवी ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं आपण जायचं, म्हणून कोल्हापूरकर खेटे घालतात. वाडी रत्नागिरी हे नावही रत्नासुरावरूनच आल्याचं सांगतात.

सगळे खेटे पूर्ण करणारे बरेच असतात. एखादाच खेटा घालणारेही तितकेच. कुणी कुणाला किती झाले म्हणून कमी-जास्त लेखत नाही.

पहिल्यांदा जाताना खेट्याच्या रविवारी जावं की एरवी?

दोन्ही वेळची वाट इतकी वेगळी असते की जमलं तर दोनदा जा.

खेट्याला सोबत असते. अंधारात निघायला भीती वाटत नाही, वाट चुकायचा प्रश्न नाही, जागोजागी चहा, पोहे, केळी, ताक वाटणारे उभे असतात. चालणाऱ्यात शाळकरी पोरांपासून सत्तरीच्या आजीपर्यंत सगळे. आजीबाई बऱ्याचदा तरुणांच्या पुढं असतात. एकट्यानं निघालेल्यालाही कुशिऱ्यापर्यंत चार माणसं ओळखीची होतात. मात्र वर दर्शनाची रांग मोठी असते आणि वाटेवर शांतता हवी असेल तर ती मिळत नाही.

शांत चालायचं असेल तर मार्गशीर्ष-पौषातला आठवड्यातला मधला वार निवडा. तोडणीचा हंगाम जोरात असतो, हवा थंड असते, उन्हाला कड नसतो. माझ्या मते ही वाट सगळ्यांत खुलते ती याच दिवसांत. दुसरा चांगला काळ म्हणजे पाऊस सरल्यावरचा, नवरात्राच्या आगेमागे. डोंगर तेव्हा हिरवागार असतो आणि वर देवाच्या पूजा बघण्यासारख्या असतात.

मार्चअखेर ते मे ऊन फार. निघायचंच असेल तर पहाटे तीन-चारला निघून आठच्या आत वर पोचा.

केर्लीवरून डांबरी रस्ता आहे, मग त्यानंच का नको?

जाता येतं, जातातही बरेच. पण तो गाड्यांचा रस्ता आहे. कोल्हापूर-रत्नागिरी महामार्गावरून केर्लीपर्यंत ट्रक, टेम्पो, ट्रॅव्हल्स अंगावरून जातात आणि केर्लीच्या पुढं घाटात वळणावळणावर चारचाक्या. चालणाऱ्याला कडेला धड जागा नसते. पावसाळ्यात हा घाटरस्ता खचण्याचे प्रकारही घडले आहेत.

कुशिरे-गायमुखाची वाट पायी जाणाऱ्यांची आहे, आणि ती पायी जाणारे आहेत तोवरच टिकेल. वर्षभर कुणी फिरकलं नाही की पायवाटेवर घाणेरी आणि गवत चढतं, बांध पुढं सरकतात, पाणंद अरुंद होते. दर माघात हजारो पावलं पडतात म्हणून ती मोकळी राहते. एवढं एकच कारण मला पुरेसं वाटतं.

वाटेत बघण्यासारखं काय काय आहे?

पुष्कळ. हे उत्तर लांबणार आहे.

सुरुवात पंचगंगा घाटापासून. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्या मिळून पंचगंगा होते. त्यांचा संगम इथून जवळच, प्रयाग चिखलीला. घाटावरची दगडी देवळं आणि दीपमाळा पहाटेच्या उजेडात बघून मगच पूल चढा. घाटाजवळची उंच जागा म्हणजे ब्रह्मपुरी. तिथल्या उत्खननात सातवाहनकाळच्या वस्तीच्या खुणा सापडल्या आहेत. म्हणजे आपण निघतो तेच मुळी दोन हजार वर्षांच्या जुन्या गावठाणातून.

वडणग्याला महादेव आणि पार्वतीची देवळं आहेत, शेजारी तळं आहे. महाशिवरात्रीला इथं मोठी यात्रा भरते. महाशिवरात्र माघातच येते, त्यामुळं खेट्यांच्या दिवसांत गावात यात्रेचे पाळणे आणि मेवामिठाईची दुकानं लागलेली असू शकतात. तळ्याच्या काठावर पाच मिनिटं बसून घ्या.

वडणगे सुटलं की दोन्ही बाजूंनी ऊस. पाणंदीतून जाताना काही ठिकाणी तो इतका उंच असतो की डोक्यावरची आभाळाची पट्टी सोडून काही दिसत नाही, फक्त पानांची सळसळ. तोडणी सुरू असलेल्या फडात ऊसतोड मजूर पहाटेपासून कामाला लागलेले असतात. बीड, अहिल्यानगर, जालना अशा लांबच्या जिल्ह्यांतून सहा-सहा महिन्यांसाठी आलेली ही कुटुंबं. बाया वाढ्याचे भारे बांधतात, पोरं पाचटात खेळतात. आपण हौसेनं चालतो ती वाट त्यांच्या रोजच्या कष्टाची आहे, एवढं भान ठेवून जा. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा.

या पट्ट्यात गुऱ्हाळं आहेत. चिमणीतून धूर आणि काहिलीतून सुटलेला गोड वास लांबूनच सांगतो. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याची खरी ओळख काहिलीशेजारी उभं राहिल्यावर पटते. रस उकळत असतो, गुळव्या मळी काढत असतो, रसाचा रंग डोळ्यांदेखत बदलत जातो. पाक कधी उतरवायचा हे तो थेंब पाण्यात टाकून बोटांनी ठरवतो. कामाच्या गडबडीत नसतील तर आत बोलावतात, रस देतात, ताज्या गुळाचा खडा हातावर ठेवतात. पैसे घेत नाहीत म्हणाले तर घरी न्यायला किलो-दोन किलो गूळ किंवा बाटलीभर काकवी विकत घ्या, तेवढाच त्यांनाही हातभार. आता चालू गुऱ्हाळं पूर्वीपेक्षा कमी झाली आहेत, ऊस साखर कारखान्याकडं जातो. म्हणून एखादं चालू दिसलं तर चुकवू नका.

कुशिऱ्याच्या अलीकडं-पलीकडं चौकशी केलीत तर पोहाळ्याची लेणी कुणीही दाखवेल. जोतिबाच्या डोंगराच्या अंगाला, पोहाळे तर्फ आळते गावच्या बाजूला ही बौद्ध लेणी कोरलेली आहेत. खांबांचं मोठं दालन, भिक्षूंच्या राहण्याच्या लहान खोल्या, आत गेल्यावर लागणारा गारवा. जोतिबाला वर्षानुवर्षं जाणाऱ्यांपैकीही कित्येकांनी ती पाहिलेली नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वाट थोडी वाकडी करावी लागते, तासभर जास्त धरा. भिंतींवर नावं कोरू नका, आत चूल पेटवू नका.

त्यानंतर गायमुख. डोंगर चढताना मधे लागणारा हा विसावा. इथं तलाव आहे, झाडं आहेत, वारा आहे. इथं मागं वळून बघा. आपण चाललो ते सगळं शिवार, गावांची कौलं आणि पत्रे, नदीची वळणं आणि पार लांब कोल्हापूर. गायमुखाच्या पुढं कुठं पायऱ्या, कुठं खडकाळ पायवाट, आणि वर पोचलं की गुलालानं रंगलेली जमीन.

अनवाणी चालायलाच हवं का?

नाही. बरेच भाविक अनवाणी जातात, ती त्यांची श्रद्धा. तुम्ही चपला-बूट घालून गेलात म्हणून कुणी काही म्हणत नाही.

अनवाणी जायचं मनात असेल तर आधी महिनाभर सकाळी मैदानात, मातीत चालून तळव्यांना सवय करा. आणि पहाटे लवकर निघा, कारण वाटेत गावागावांतून डांबरी तुकडे आहेत आणि दहानंतर डांबर चटके देतं. काट्यांसाठी लहान चिमटा आणि पट्ट्या जवळ असू द्या. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी जाऊ नये. पायाला लागलेलं लवकर कळत नाही आणि जखम चिघळते.

सोबत काय घ्यावं?

पाण्याची लिटरभराची बाटली, टोपी किंवा टॉवेल, बॅटरी, गूळ-शेंगदाणे, ओआरएसची दोन पाकिटं. घामानं भिजलेला सदरा बदलायला एक कोरडा. रोज वापरातले, पायात बसलेले बूट; नवे कोरे बूट या वाटेवर पहिल्यांदा घालू नका, वडणग्यातच फोड येतील. सुटे पैसे असू द्या. पाठीवर जितकं कमी तितकं गायमुख सोपं.

पाणी, खाणं, स्वच्छतागृह?

गावं जवळजवळ आहेत, त्यामुळं चहा-वडा-पाणी मिळत राहतं. एरवीच्या दिवशी फार पहाटे निघालात तर दुकानं उघडलेली नसतात, म्हणून पहिल्या दोन तासांपुरतं जवळ ठेवा. कुशिऱ्यात बाटली भरून घ्या, कारण पुढं चढ आहे. वर डोंगरावर जेवणाची सोय होते.

स्वच्छतागृहाची अडचण खरी आहे, विशेषतः बायकांना. निघण्यापूर्वी शहरात आणि मग थेट वर, अशी मनाची तयारी ठेवा. मधल्या गावांत एखाद्या घरी विनंती केली तर नाही म्हणत नाहीत. आत बोलावून वर चहाही विचारतात.

लहान मुलं आणि वयस्कर माणसांना झेपेल का?

दहा वर्षांच्या पुढची मुलं सहज चालतात, त्यांना फक्त मधे मधे थांबायला आणि गुऱ्हाळ बघायला मिळायला हवं. त्याहून लहान असतील तर कुशिऱ्यापर्यंत गाडीनं जा आणि तिथून चढा. दीड-दोन तासांत वर पोचाल आणि वाटेचा सगळ्यांत देखणा भाग तर मिळेलच.

गुडघेदुखी असलेल्यांनी याच्या उलट करावं: सपाटीचा भाग चालावा आणि कुशिऱ्यातून गाडीनं वर जावं. हृदयाचा, दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढाला लागू नका.

बायकांनी एकटीनं किंवा दोघी-तिघींनी जाणं कितपत ठीक?

खेट्याच्या रविवारी अगदी निर्धास्त. रात्रभर माणसांची रीघ असते आणि त्यात बायकांचे घोळके भरपूर. एरवी उजाडल्यावर निघा आणि चार-पाच जणींनी मिळून जा. उंच उसातल्या पाणंदी पहाटेच्या अंधारात निर्जन असतात. तिथं एकट्या माणसानं, बाई असो की बाप्या, न गेलेलंच बरं.

पावसाळ्यात गेलं तर?

श्रावण षष्ठीला डोंगरावर चोपडाई देवीची यात्रा असते, तेव्हा भर पावसातही लोक जातात. हौसेसाठी मात्र जून ते ऑगस्ट टाळा असंच मी सांगेन. पाणंदीत गुडघाभर चिखल होतो, गायमुखाचा खडक शेवाळतो.

आणि पंचगंगेचा भरवसा नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. कोल्हापुरात पावसाळ्यात हे दोन आकडे घराघरात बोलले जातात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीनं दोन्ही मागं टाकले होते आणि नदीपलीकडच्या गावांचे रस्ते पाण्याखाली गेले होते. पाणी चढत असेल तर निघू नका. जाताना पूल मोकळा असला तरी येताना असेलच असं नाही.

बिबट्या, गवे, साप यांची भीती आहे का?

पन्हाळा-जोतिबाच्या परिसरात बिबट्या आणि गवे दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. माणसांच्या वर्दळीत ते येत नाहीत. अंधारात डोंगरावर एकट्यानं जाऊ नका, बोलत चाला. गवा दिसला तर जवळ जाऊन मोबाईल काढायचा मोह आवरा, लांबूनच वाट द्या. उसात साप असतात, तेव्हा पाचटावरून न जाता मळलेल्या वाटेनं चाला. झाडावर किंवा कड्याला आग्या मोहोळ असेल तर धूर, फटाके, भपकेदार अत्तर नको.

शेतातून जाताना काय पाळावं?

बांधावरून चाला, सरीतून नाही. ऊस मोडून घेऊ नका. मागितला तर शेतकरी स्वतः कोयत्यानं तोडून देतो. पाण्याचा पाट ओलांडताना दारं मोडणार नाहीत हे बघा. एक दार फुटलं की कुणाच्या तरी पाळीचं पाणी भलत्याच शेतात जातं, आणि वीज रात्रीची असते तेव्हा ते दार नीट करायला माणूस मध्यरात्री उठून आलेला असतो. उसानं भरलेली ट्रॉली समोरून आली तर आधीच कडेला थांबा. वजन इतकं असतं की ट्रॅक्टरवाल्याला पटकन थांबवता येत नाही.

कागदी कप, पाण्याच्या बाटल्या, केळ्याच्या साली पिशवीत टाकून वर न्या. खेट्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी ही वाट बघवत नाही. कप वाटणारे पुण्य करतात आणि पिणारे तो कप बांधावर टाकतात. घरून स्टीलचा पेला घेऊन निघालात तर चहा त्यातच मागा.

देवळात काय पाहावं? कपड्यांचे काही नियम आहेत का?

मंदिर पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत आहे. तोकडे कपडे घालून आत जाऊ नका. अर्धी चड्डी घालून चालत आला असाल तर बदलायला पँट किंवा पायजमा जवळ हवा.

आताचं जोतिबाचं देऊळ १७३० मध्ये राणोजी शिंदे यांनी बांधलं. जोतिबा हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं कुलदैवत, म्हणून या डोंगरावर त्यांच्या घराण्याचा हात जागोजाग दिसतो. शेजारचं केदारेश्वराचं देऊळ १८०८ मध्ये दौलतराव शिंद्यांनी बांधलं. आवारात रामलिंग आणि चोपडाईचीही देवळं आहेत. काळ्या दगडाचं काम सावकाश बघा, दर्शन घेऊन लगेच बाहेर पडू नका. थोडं बाजूला यमाईचं देऊळ आहे, तिथंही जाऊन या.

रविवार हा देवाचा वार. रांग नको असेल तर तो सोडून या.

गुलालाचं काय? अंगावर पडणारच का?

खेट्याला आणि यात्रेला पडणारच. जुने कपडे घाला, चष्मा असेल तर तो डोळ्यांना आडोसा होतो. दम्याचा त्रास असेल तर नाकाला रुमाल बांधा. गुलाल चांगला, भेसळ नसलेला घ्या. खोबरं उधळायचं असेल तर बारीक तुकडे करून उधळा. अख्खी वाटी गर्दीत डोक्याला लागली की मोठी इजा होते. देवाला दवणाही वाहतात; त्याची जुडी पिशवीत ठेवलीत तर दोन दिवस वास राहतो.

चैत्र यात्रेला चालत जाता येईल का?

येईल, पण ती गोष्ट पूर्ण वेगळी. चैत्र पौर्णिमेला लाखो लोक डोंगरावर असतात. सातारा, सांगली, कऱ्हाड, बेळगाव भागातून माणसं आठ-आठ दिवस सासनकाठ्या खांद्यावर घेऊन चालत येतात. सासनकाठी म्हणजे उंचच उंच वेळू, त्याला निशाण आणि चारी बाजूंनी तोल सांभाळायला दोर. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या निनाम पाडळीच्या काठीचा. दुपारी काठ्यांची मिरवणूक आणि संध्याकाळी देवाची पालखी यमाईच्या भेटीला निघते. उन्हात ती काठी नाचवणारा माणूस जवळून पाहिला की आपण १८ किलोमीटर चाललो हे सांगायचं धाडस होत नाही.

जायचं तर आदल्या दिवशी पहाटे वर पोचा, लहान मुलं आणि सामान घेऊ नका, आणि सोबतच्यांशी चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवून ठेवा. मोबाईलच्या भरवशावर राहू नका, एवढ्या गर्दीत फोन लागत नाही. गायमुखाजवळ या दिवसांत मोठं अन्नछत्र चालतं, त्यामुळं जेवणाची चिंता नसते.

आम्ही फारसे देवभोळे नाही. तरी आलं तर चालेल?

जरूर या. वाट कुणाची चौकशी करत नाही. फक्त सोबत चालणाऱ्यांचा मान ठेवा. कुणी "चांगभलं" म्हणालं तर तुम्हीही म्हणा. कानात वायर घालून चालू नका, वाटेवरची निम्मी गंमत लोकांच्या बोलण्यात आहे. स्पीकरवर गाणी तर मुळीच नकोत.

तिथून पुढं पन्हाळ्याला चालत जाता येईल का?

डोंगरावरून पन्हाळा समोर दिसतो. अंतर दहा-बारा किलोमीटर. त्याच दिवशी करू नका. एक मुक्काम वर करून दुसऱ्या दिवशी सकाळी निघालात तर दोन दिवसांचा छान बेत होतो, शेवटी पन्हाळ्यावर झुणका-भाकरी, खर्डा आणि दही. पन्हाळा ते पावनखिंड ही दर आषाढात होणारी पदभ्रमंती मात्र वेगळ्या तयारीची आहे: चिखल, ओढे, जंगल आणि दोन दिवसांची कसोटी. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज याच वाटेनं विशाळगडाकडं गेले. जोतिबाची वाट जमली म्हणून लगेच तिकडं निघू नका.

कोल्हापूरजवळ अशी आणखी सोपी वाट कोणती?

नंदवाळ. त्याला प्रतिपंढरपूर म्हणतात. आषाढी एकादशीला कोल्हापुरातून पायी दिंडी निघते आणि पुईखडीला रिंगण होतं. अंतर कमी, चढ किरकोळ, त्यामुळं पहिल्यांदा चालणाऱ्यांनी आणि घरातल्या लहानांनी इथून सुरुवात केली तरी चालेल. पावसाची एखादी सर येणार हे गृहीत धरा. नृसिंहवाडीला पायी जाणारेही आहेत, पण तो सपाटीचा असला तरी लांबचा पल्ला आहे, एका दिवसाचं काम नव्हे.

परत कसं यायचं?

डोंगरावरून कोल्हापूरला एसटी आहे. खेट्याच्या आणि यात्रेच्या दिवशी जादा गाड्या सुटतात, तरी दुपारी गर्दी असते; अकराच्या आत किंवा चारनंतर निघालात तर बसायला जागा मिळते. शेवटची गाडी किती वाजता हे वर पोचल्या पोचल्या स्टँडवर विचारून ठेवा. चालतच उतरायचं असेल तर गायमुखाचा उतार उन्हाआधी संपवा. उतरताना गुडघ्यांवर भार जास्त येतो, हातात काठी असू द्या. कुशिऱ्यात पोचलात की शहराकडं जाणारं वाहन मिळतं.

स्वतःची गाडी वर लावून चालत खाली येण्याचा बेत करू नका. ती आणायला परत डोंगर चढावा लागतो.